पाऊण ब्रास मातीचं मागणं: बेसबॉल खेळवणाऱ्या संस्थाचालकांना खुले पत्र

मा. संस्थाचालक, मुख्याध्यापक व स्पर्धा संयोजक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या संस्थेची बेसबॉलची टीम तालुक्याला, जिल्ह्याला, कधी विभागाला खेळते. मुलंमुली जिंकून आली की फलकावर नावं लागतात, स्नेहसंमेलनात सत्कार होतो. चांगलंच आहे. पण मातीच्या ज्या उंचवट्यावर उभं राहून पिचर चेंडू टाकतो तो माउंड आपल्यापैकी बहुतेकांच्या मैदानावर नाही. माझं मागणं तेवढ्यापुरतंच आहे. मैदानाच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीलगत, सरावासाठी एक माउंड बांधू द्या. त्याला पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती-मुरूम, वीटभट्टीवरच्या शे-दीडशे कच्च्या विटा आणि एक ताडपत्री लागते. ज्यांच्याकडे स्पर्धा भरतात त्यांनी मुख्य मैदानावर पूर्ण मापाचा माउंड करावा. त्याला दीड ब्रास पुरतो.

ट्रॅक्टर किती लांबून येतो आणि मजुरी काय पडते, त्यावर खर्च कमीजास्त होईल. माझ्या अंदाजाने सरावाचा माउंड दहा-पंधरा हजारांच्या आत बसतो. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला याहून जास्त जातात, हे आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

मग अडतं कुठे? माझं मत असं की पैशावर अडतच नाही. बॅट, ग्लोव्ह, हेल्मेट, कॅचरचं (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याचं) किट हे 'क्रीडा साहित्य' या शीर्षाखाली येतं, कोटेशन मागवता येतं, कपाटात ठेवता येतं, तपासणीला दाखवता येतं. माती कुठल्याच यादीत बसत नाही. तिचा अर्ज क्रीडा विभागाकडून बांधकाम समितीकडे जातो, बांधकाम समिती विचारते की हे बांधकाम आहे का, आणि तोवर सीझन संपतो. एका संस्थेत मला उत्तर मिळालं होतं, "सर, ग्राउंड लेव्हल करायला गेल्याच वर्षी खर्च केलाय, आता त्यावर उंचवटा कशाला?" उत्तर देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्यांना बेसबॉल म्हणजे जाड बॅटचा सॉफ्टबॉल वाटत होता.

घोळाची सुरुवात इथूनच होते. आपल्याकडे दोन्ही खेळ बहुतेक ठिकाणी तीच मुलं खेळतात, तेच सर शिकवतात, त्याच मैदानावर. सॉफ्टबॉलचा पिचर चेंडू खालून टाकतो, सपाट जमिनीवरून, महिलांसाठी ४३ आणि पुरुषांसाठी ४६ फुटांवरून. बेसबॉलचा पिचर खांद्यावरून टाकतो, ६० फूट ६ इंचांवरून, आणि होम प्लेटपेक्षा (बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या पट्टीपेक्षा) १० इंच उंचीवरून. सॉफ्टबॉलला सपाट मैदान पुरतं म्हणून बेसबॉललाही पुरेल, असा हिशेब आपण कधीतरी करून टाकला आणि पुढे कुणी तपासला नाही.

दहा इंचांनी काय फरक पडतो, हे पिचरच्या पुढच्या पायाकडे बघितलं की कळतं. माउंडच्या माथ्यावर पिचर पाय टेकवतो ती पट्टी म्हणजे रबर. माउंडचा उतार रबराच्या पुढे ६ इंचांवर सुरू होतो आणि फुटाला एक इंच या हिशेबाने खाली जातो. पिचरचा पाय साडेपाच फुटांवर पडला तर तो रबरापेक्षा ५ इंच खाली टेकतो. सपाट जमिनीवर वर्षभर सराव केलेल्या मुलाच्या अंगात ते ५ इंच नसतात. राज्य स्पर्धेला नीट बांधलेल्या माउंडवर तो चढला की त्याला जमीन लागायची वेळ येते आणि जमीन लागतच नाही. पाय उशिरा टेकतो, खांदा आधी उघडतो, हात मागे राहतो, चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जातो. बाहेरून आम्ही सगळे ओरडतो, "खाली टाक, खाली टाक!" मग तो मनगटाने, कोपराने ओढून चेंडू खाली आणायला बघतो. कोपर दुखायला लागतो तो असा. दोन इनिंग (पूर्ण सामन्यात नऊ असतात) झाल्या की दुसरा पिचर, त्याचीही तीच गत. घरी येताना गाडीत चर्चा होते की पोरं दडपणाखाली आली.

ज्या अमेरिकेचा हा खेळ आहे तिथे या उंचीवर किती डोकी खपली ते सांगतो. पिचरचं ६० फूट ६ इंचांचं अंतर १८९३ पासूनचं आहे. माउंडची उंची मात्र १९६८ पर्यंत १५ इंच होती. त्या वर्षी पिचरांनी बॅटरना अक्षरशः उभं राहू दिलं नाही. सेंट लुइस कार्डिनल्स संघाचा पिचर बॉब गिब्सन, त्याची सरासरी नऊ इनिंगमागे अवघे १.१२ अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून दिलेल्या धावा) होती. डेट्रॉइटच्या डेनी मॅक्लेनने एका हंगामात ३१ सामने जिंकून दिले. तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये ०.३०० च्या वर सरासरी (दहा संधींत तीन यशस्वी फटके) असलेला बॅटर एकच उरला, कार्ल यास्ट्रझेम्स्की, आणि त्याचीही ०.३०१. दुसऱ्या वर्षी, १९६९ मध्ये, उंची १५ वरून १० इंचांवर आणली, स्ट्राइक झोनही (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू योग्य धरतात ती) लहान केला, आणि धावा पुन्हा निघायला लागल्या. तिथे पाच इंचांवरून नियमपुस्तक बदललं. आपण मुलांना शून्य इंचांवर वाढवतो आणि दहा इंचांवर परीक्षेला बसवतो.

आता कामाचं बोलू.

आधी जागा. सरावाच्या माउंडसाठी साधारण ८० फूट लांब आणि १२ फूट रुंद पट्टा हवा. कॅचरच्या मागे भिंत किंवा जाळी असेल तर उत्तम, चेंडूमागे धावण्यात वेळ जात नाही. मुख्य मैदानावर पूर्ण माउंड करणाऱ्यांनी दिशा बघावी. होम प्लेटवरून पिचरच्या मागच्या सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी असं नियमच सुचवतात, म्हणजे दुपारच्या सामन्यात ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येत नाही. आपल्याकडे होम प्लेट कुठे ठेवायची ते पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते यावर ठरतं. पाहुण्यांच्या खुर्च्या तिथे लागतात ना!

आखणीला फार शहाणपण लागत नाही, पण दोन ठिकाणी हमखास चुकतं. पहिलं, ६० फूट ६ इंच हे अंतर होम प्लेटच्या मागच्या टोकापासून रबराच्या पुढच्या कडेपर्यंत मोजायचं. प्लेटच्या पुढच्या कडेपासून टेप धरला की १७ इंचांचा घोटाळा होतो. दुसरं, रबर माउंडच्या मधोमध नसतं. पूर्ण माउंडचं वर्तुळ १८ फूट व्यासाचं. त्याचा मध्य होम प्लेटच्या टोकापासून ५९ फुटांवर येतो, रबर त्याच्या दीड फूट मागे. मध्यावर खुंटी ठोका, ९ फुटांची दोरी बांधा, फक्कीने गोल मारा, आणि मग रबराची जागा वेगळी खूण करून ठेवा. बरेच जण गोलाच्या मध्यावरच रबर पुरतात. मग पुढे उताराला जागा कमी पडते आणि तो घसरगुंडीसारखा उभा होतो.

उंचीचंही असंच. दहा इंच ही उंची होम प्लेटच्या पृष्ठभागापासूनची आहे, माउंडभोवतीच्या गवतापासूनची नव्हे. पावसाचं पाणी जावं म्हणून आपली मैदानं एका बाजूला उतरती असतात. गवंड्याची लेव्हल ट्यूब घ्या, एक टोक होम प्लेटवर, दुसरं रबराच्या जागेवर धरा. तिथली जमीन ३ इंच खाली निघाली तर माउंड १३ इंचांचा बांधावा लागेल, वर निघाली तर तितका कमी. डोळ्याने बघून हे कळत नाही, कितीही अनुभवी माणूस असो.

माथ्यावर सपाट जागा ५ फूट रुंद आणि ३४ इंच लांब ठेवायची. त्यातले ६ इंच रबराच्या पुढे, ६ इंच खुद्द रबर, २२ इंच मागे. पुढे दहा फुटांत दहा इंच उतरलं की तुम्ही वर्तुळाच्या कडेला जमिनीवर येता. हिशेब इतका सरळ आहे की सातवीतल्या मुलाला करायला द्यावा. मागचा आणि बाजूंचा उतार हाताने मिळवून घ्यायचा, त्याला इतकं काटेकोर माप नाही.

उतार तपासायला सुताराकडून एक साचा करून घ्या. ६ फूट लांबीची फळी, खालची कड तिरकी कापलेली, एका टोकाला रुंदी २ इंच आणि दुसऱ्या टोकाला ८ इंच. अरुंद टोक माथ्याच्या कडेला ठेवून फळी उतारावर उभी धरा आणि वरच्या कडेवर पाणसळ ठेवा. बुडबुडा मध्यावर आला तर उतार बरोबर. या एका फळीने जेवढे वाद मिटतात तेवढे नियमपुस्तक वाचून दाखवल्याने मिटत नाहीत.

मातीवर मात्र मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त वाया जाणारे पैसे इथे जातात. पूर्ण मापाच्या माउंडमध्ये दाबून बसलेली माती ९० घनफुटांच्या आसपास भरते. सुटी माती दाबल्यावर खाली बसते, म्हणून सव्वा ब्रास लागेल, नासधूस धरून दीड मागवा. सरावाचा माउंड वर्तुळ न करता पाच फूट रुंदीच्या पट्ट्याचा केला तर पाऊण ब्रासात काम होतं. मुरूम आणताना रॉयल्टीची पावती मागून घ्या. गौण खनिज आहे, आणि संस्थेच्या नावावर तहसीलची नोटीस आली की पुढची दहा वर्षं कुणी माउंडचं नाव काढणार नाही.

आतला गाभा मुरूम आणि माती मिसळून केला तरी चालतो. वरचे चार इंच मात्र निवडून घ्यायचे. साधारण ४० टक्के वाळू, ४० टक्के चिकणमाती आणि उरलेला पोयटा असं मिश्रण चांगलं बसतं. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून ट्रॉली भरून आणू नका. ती पावसात फुगते, सुकली की बोटभर भेगा पडतात, आणि भेगेत बुटाचा स्पाइक अडकला की घोटा गेला. जांभ्याची लाल माती त्या मानाने कमी फुगते. ज्यांना ती जवळपास मिळते त्यांचं अर्धं काम झालं. सांगली-कोल्हापूरकडचे काही मित्र विचारतात की तालमीची माती चालेल का. तालमीची माती तेल, ताक, हळद घालून, रोज उकरून मऊ केलेली असते, अंग टाकायला. इथे आपल्याला पाय रोवायला जमीन हवी. तालमीला तालमीतच राहू द्या.

माती कशी आहे हे प्रयोगशाळेत पाठवल्याशिवायही कळतं. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, किंचित मीठ किंवा धुण्याचा सोडा, आणि जोरात हलवून खिडकीत ठेवून द्या. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू, काही तासांनी तिच्यावर पोयटा, आणि चिकणमाती बसायला एक दिवस किंवा जास्तही लागतो. पट्टी लावून थर मोजा. विज्ञानाच्या सरांना सोबत घेतलं तर त्यांचंही एक प्रात्यक्षिक होऊन जातं.

माती दहा इंच एकदम ओतू नका. आधी गवत खरवडून काढा, खालची जमीन टिकावाने ओरबाडा, पाणी शिंपडा. मग दीड-दोन इंचांचा थर, वर पाणी, वर धुम्मस (माती ठोकून दाबायचं अवजार). पुढचा थर टाकायच्या आधी खालचा थर पुन्हा ओरखडून घ्या, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि महिन्याभरात पापुद्रे सुटतात. ओल किती असावी? मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे आणि तळहाताला माती चिकटता कामा नये. चिकटली तर थांबा, वाळू द्या. मजूर घाई करतात, कारण त्यांना संध्याकाळपर्यंत काम उरकायचं असतं, म्हणून ठेका एकूण कामाचा न देता रोजंदारीने द्या. धुम्मस नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून दहा बाय दहा इंचांची जाड पत्र्याची चकती पाइपला वेल्ड करून घ्या. रोलर इथे उपयोगाचा नाही, तो उतार मोडून टाकतो.

आता कच्च्या विटा. पिचरचा पाय एका सामन्यात त्याच एका जागी शेकडो वेळा पडतो. अमेरिकेत त्या जागेसाठी न भाजलेल्या चिकणमातीच्या खास विटा विकत मिळतात. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात वीटभट्टी आहे. भट्टीवाल्याला सांगून राख-भुसा न मिसळलेल्या मातीच्या विटा पाडून घ्या आणि भाजायच्या आधी उचला. त्याला आधी हसू येईल, मग तो भाव कमी करेल, कारण त्याचा कोळसा वाचतो. विटा रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. रबराच्या पुढे चार फूट रुंद आणि सातआठ फूट लांब पट्ट्यात त्या आडव्या, एकमेकींना खेटून बसवा, फट दिसली तर तुकडा घाला, आणि वरून धुम्मस मारून सगळ्या एकजीव करा. वर अर्धा इंच मोकळी माती. भट्टी लांब असेल तर कुंभाराकडची मळलेली माती थापली तरी निभतं.

यात वेळेची एक अडचण आहे. बांधायला सगळ्यात सोयीची दिवाळीची सुट्टी, कारण जमिनीत ओल असते आणि मैदान रिकामं असतं. भट्ट्या मात्र तेव्हा नुकत्याच पेटायच्या असतात. म्हणून गाभा दिवाळीत करा, विटांच्या जागी तेवढी खोली सोडून ठेवा आणि तो थर नाताळच्या सुट्टीत घाला. एप्रिल-मे टाळा. त्या उन्हात वरचा थर तासाभरात पांढरा पडतो आणि खालचा ओलाच राहतो.

मैदान दिवाळीत रिकामं असतं असं मी लिहिलं खरं, पण फटाक्यांच्या स्टॉलना ते भाड्याने दिलेलं असलं तर विषयच संपला. त्या टेम्पोंची चाकं ताज्या माउंडवरून गेली की नवा माउंड बांधा. तेवढा पट्टा करारातून वगळा, चार बांबू आणि दोरी लावा.

रबराचं माप २४ बाय ६ इंच, आडवं बसवायचं. आयतं घ्यायला परवडलं तर जरूर घ्या. नसेल तर बाभळीच्या ठोकळ्यावर जाड कन्व्हेअर बेल्टचा तुकडा बसवा. साखर कारखान्याच्या भंगारात असा पट्टा मिळून जातो. खिळ्यांची डोकी रबरात बुडलेली असली पाहिजेत, आणि ठोकळा खाली लांब सळ्यांनी जमिनीत जखडलेला. पिचर मागचा पाय रबराला टेकवून सगळं अंग पुढे ढकलतो. रबर एक सूत जरी हललं तरी त्याचा विश्वास उडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

चौदा वर्षांखालच्या मुलांना दहा इंचांवर चढवू नका. अमेरिकेत लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतची मुलं ४६ फुटांवरून, ६ इंचांच्या माउंडवरून टाकतात. कोपऱ्यात जागा असेल तर शेजारी एक लहान माउंड करा, माती थोडीच लागते.

काही संस्थांना पक्का माउंड खरोखरच शक्य नाही, हे मला मान्य आहे. एकाच मैदानावर सकाळी पोलीस भरतीची मुलं धावतात, दुपारी कबड्डी, संध्याकाळी क्रिकेट, २६ जानेवारीला संचलन, आणि निवडणुकीच्या दिवसांत सभा. मैदानाच्या मध्ये उंचवटा ठेवला तर क्रिकेटचा फिल्डर त्यावर अडखळून पडेल आणि सगळा दोष बेसबॉलवर येईल. त्यांनी प्लायवूडचा हलवता येणारा माउंड करावा. पाण्याला टिकणाऱ्या प्लायची ८ बाय ४ ची एक शीट उताराला, दुसरीतून तीन फुटांचा माथा, खाली लाकडी चौकट, वर क्रिकेटच्या मॅटिंगचा जुना तुकडा ताणून ठोकलेला. दोन भाग वेगळे केले तर चार मुलं उचलून भिंतीला उभे करतात. ८ फुटांत ८ इंचच उतरतात, उरलेल्या दोन इंचांसाठी पुढे लाकडी पाचर लावा, नाहीतर कडेवर पाय पडेल. त्यावर धातूचे स्पाइक घालू देऊ नका. खऱ्या मातीची सर त्याला नाही, पण सपाट जमिनीपेक्षा शतपटीने बरा.

देखभालीवरून मला सगळ्यात जास्त शंका ऐकायला मिळतात. "बांधाल हो सर, नंतर बघणार कोण?" शाळेतल्या मामांवर हे काम टाकू नका, त्यांना घंटेपासून बँकेपर्यंत शंभर कामं आहेत. सराव संपला की पिचरनेच करायचं. खड्ड्यातली सुटी माती झाडून बाजूला काढायची, खड्डा ओला करायचा, नवी चिकणमाती घालून दाबायची, साच्याने उतार बघायचा, वर ताडपत्री टाकून कडांना विटा ठेवायच्या. पाव तासाचं काम आहे. सुटी माती तशीच खड्ड्यात ढकलून वरून पाणी मारणं ही फसवणूक आहे, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या चेंडूला ती उडते. पावसाळ्यात ताडपत्री कायम ठेवा, पण उघडीप मिळाली की काढून हवा लागू द्या, नाहीतर खाली शेवाळ धरतं.

स्पर्धा संयोजकांना वेगळं सांगतो. मी असे 'माउंड' बघितले आहेत की आदल्या रात्री ट्रॉलीभर मुरूम ओतला, वरून फावड्याने थोपटला आणि सकाळी फीत कापली. दुसऱ्या इनिंगला तिथे गुडघाभर नव्हे तरी घोटाभर खड्डा होता, आणि दोन्ही टीमचे पिचर रबर सोडून बाजूला उभे राहून टाकत होते. अंपायर तरी काय करणार? असा ढीग करण्यापेक्षा सपाटवर खेळवा आणि परिपत्रकात तसं आधी लिहा, म्हणजे टीम तयारीने येतील. माझी विनंती त्याच्या पुढची आहे. यजमानपद देताना मैदानाच्या तपासणीत माउंडची उंची, उतार आणि रबराचं अंतर या तीन नोंदी घ्या. बॉलचा ब्रँड कोणता हे आपण तपासतोच, त्यात तीन आकडे वाढले.

"आपल्याकडे बेसबॉल बघतं कोण" हा प्रश्नही येईल. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण एका पिचिंग स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केलं. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. लांब, वेगाने फेकणारे हात आपल्याकडे आहेत, हे त्यावरून कळावं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटसोबत बेसबॉलही आहे. आपली टीम तिथे जाईल असं मी म्हणत नाही, भलत्या आशा लावायचा माझा स्वभाव नाही. पण जो खेळ आपण स्वतःहून संस्थेत सुरू केला, ज्याच्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स आपण अहवालाला जोडतो, त्या खेळात सगळ्यात जास्त अंगमेहनत करणाऱ्या पोराला उभं राहायला नियमातली जमीन मिळावी, एवढं मागायला ऑलिंपिकची गरज नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी एवढंच करा. आपल्या क्रीडाशिक्षकाला बोलावून कुठला कोपरा देता येईल ते दाखवा, आणि तो कोपरा पुढची तीन वर्षं पार्किंगला, मांडवाला किंवा वाळूच्या ढिगाला दिला जाणार नाही असं सहीशिक्क्याचं पत्र त्याच्या हातात द्या. बाकीचं तो करेल. माती मिळवण्यात, भट्टीवाल्याशी बोलण्यात, मुलांकडून धुम्मस मारून घेण्यात आम्हा लोकांना कुणी शिकवायची गरज नसते. गरज असते ती जागा आपली आहे या खात्रीची. गेल्या वर्षी बांधलेल्या माउंडवर यंदा चारचाकी उभी दिसली की पुन्हा फावडं उचलायला हात होत नाही.

उताराच्या साच्याची फळी माझ्याकडे तयार आहे. सुतार मिळत नसेल तर माणूस पाठवून घेऊन जा, काम झालं की परत करा. फक्त ओल्या मातीवर रात्रभर टाकून ठेवू नका, लाकूड वाकतं आणि मग पुढच्या शाळेचा उतार चुकतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक क्रीडाशिक्षक